विशेष बालके: सब्र कोणता आणि कर्तव्य कोणते?

संतती ही अल्लाहने मातापित्यांच्या स्वाधीन केलेली अमानत आहे, हे आपण जुमाच्या बयानांतून वारंवार ऐकतो. मूल निरोगी असेल तर या अमानतीचा अर्थ सहज उमगतो: त्याला हलाल अन्न द्यावे, चांगले नाव ठेवावे, दीन आणि दुनियेचे शिक्षण द्यावे. परंतु ज्या मुलाची मान वेळेवर सावरत नाही, ज्याचे पाय ताठरतात, जे दोन वर्षांचे होऊनही बसत नाही, त्याच्या बाबतीत अमानतीचा अर्थ काय? अशा मुलाच्या मातापित्यांना समाज एकच शब्द सांगतो, तो म्हणजे सब्र. हे उत्तर योग्य आहे. पण सब्र म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले नाही तर तेच उत्तर मुलाच्या हक्काआड येऊ शकते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सिंदखेड राजा तालुक्यातील आमच्या दुसरबीड परिसरात बहुतेक कुटुंबे शेतीवर, मजुरीवर अथवा छोट्या धंद्यावर गुजराण करतात. कपाशी आणि सोयाबीनच्या हंगामात घरातील धडधाकट माणसे शेतात जातात आणि अशक्त मूल दादीच्या नजरेखाली गोधडीवर पडून राहते. अशा घरी विचारपूस करायला गेले की तीन प्रकारची वाक्ये कानी पडतात. दादी म्हणते, "मौलाना, अल्लाहने जसे दिले तसे सांभाळतो, आणखी काय करणार?" अम्मी म्हणते, "बिचाऱ्याला त्रास कशाला द्यायचा? मीच उचलून घेते." अब्बा म्हणतात, "एवढे करून शेवटी ते चालणार आहे का?" या तिन्ही वाक्यांमागे प्रेम आहे, थकवा आहे आणि ईमानही आहे. म्हणूनच ती झटकून न टाकता एकेक करून इस्लामच्या शिकवणुकीच्या प्रकाशात तपासली पाहिजेत.

तकदीर आणि तदबीर

पहिले वाक्य तकदीरचे आहे. तकदीरवर श्रद्धा ठेवणे हा ईमानचा भाग आहे. पण सहाबांनी तकदीरचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा कधी घेतला नाही. शाम प्रदेशात प्लेगची साथ पसरल्याचे कळताच ह. उमर (रजि.) यांनी वाटेतूनच परत फिरण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय? ह. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता, की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. आपल्या उंटांसमोर एक हिरवी आणि एक उजाड अशा दोन उतरणी असतील तर हिरव्या उतरणीवर चारणे हीसुद्धा तकदीरच होय, असा दृष्टान्त त्यांनी दिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना काही ग्रामीण अरबांनी विचारले, की आम्ही औषधोपचार करावेत काय? त्यांनी उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक व्याधीसाठी अल्लाहने इलाज ठेवला असल्याचे समजाविले.

आता ही गोष्ट मुलाच्या शरीराला लावून पाहू. सेरेब्रल पाल्सी या विकारात जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही. वाढतात ते तिचे शरीरावरील परिणाम. ताठर स्नायूंना ताण मिळाला नाही तर ते आखडत जातात, सांधे जखडतात, मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीतून सरकू शकते, एकाच कुशीवर पडून पाठ वाकडी होते. जन्मजात वाकड्या पावलांचेही असेच आहे. पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करण्याची पॉन्सेटी पद्धत आज सर्वमान्य आहे. साधारण पाच-सहा प्लास्टर, बहुतेक मुलांत टाचेच्या शिरेवर एक लहानशी शस्त्रक्रिया, नंतर पट्टीने जोडलेले विशेष बूट: पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री झोपताना. घरच्यांनी कंटाळून बूट सोडले तर सरळ झालेले पाऊल पुन्हा वळते.

याचा अर्थ असा की, जे अल्लाहकडून आले आणि जे आपल्या दुर्लक्षाने त्यात मिसळले, या दोहोंत फरक करणे आवश्यक आहे. दहाव्या वर्षी आपण ज्या आखडलेल्या पायाकडे बोट दाखवून 'तकदीर' म्हणतो, त्यात आधीच्या नऊ वर्षांतील न केलेल्या व्यायामाचाही वाटा असू शकतो. ज्या मातापित्यांना कोणी सांगितलेच नाही, त्यांना दोष देण्याचा हा हेतू नाही. न जाणणाऱ्याला जाब नसतो. परंतु कळल्यानंतरही स्वस्थ बसणे याला सब्र म्हणता येणार नाही. सब्र म्हणजे जिभेने तक्रार न करणे आणि मनाने निराश न होणे. हातांना काम न देण्याची शिकवण त्यात कोठेही नाही.

दया आणि अडसर

दुसरे वाक्य दयेचे आहे, आणि ते अधिक नाजूक आहे; कारण त्यामागे आईचे काळीज आहे. ह. अम्र बिन जमूह (रजि.) हे मदीनेतील एक वयस्क सहाबी होते. त्यांचा एक पाय अधू होता. उहुदच्या प्रसंगी त्यांच्या चार पुत्रांनी त्यांना घरी थांबण्याचा आग्रह केला, की अल्लाहने आपल्याला सवलत दिली आहे, आम्ही जातोच आहोत. अम्र (रजि.) यांनी पैगंबर (स.) यांच्याकडे जाऊन आपली इच्छा बोलून दाखविली. पैगंबरांनी त्यांना सांगितले, की आपल्यावर ही जबाबदारी नाही. आणि पुत्रांना सांगितले, की त्यांना अडवू नका. ते गेले आणि शहीद झाले.

या प्रसंगात पुत्रांचे प्रेम खोटे नव्हते आणि शरीअतची सवलतही रद्द झाली नाही. तरीही निर्णय त्या माणसाचा राहिला. सवलत ही ज्याला दिली आहे त्याचा हक्क असते. इतरांनी तिचा अडसर करून त्याच्या वाटेत उभा करू नये. ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) हे दृष्टिहीन सहाबी होते. त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले तेव्हा पवित्र कुरआनात 'अबस' या सूरहच्या आरंभीच्या आयती अवतरल्या, हे आपण जाणतो. पण त्याच सहाबींना पैगंबरांनी अजान देण्याचे काम दिले आणि स्वतः मदीनेबाहेर जाताना अनेकदा तेथे आपला प्रतिनिधी नेमले, हा उत्तरार्ध आपण कमी सांगतो. त्यांचा आदर करणे म्हणजे त्यांना बसवून ठेवणे असे तेथे कोणीही मानले नाही.

आपल्या घरांत काय घडते? जे मूल वीस मिनिटांत स्वतःच्या हाताने घास तोंडापर्यंत नेऊ शकेल, त्याला आपण पाच मिनिटांत भरवितो. जे मूल सरपटत दारापर्यंत जाईल, त्याला पाहुण्यांसमोर नको म्हणून उचलून आत नेतो. यातील काही दया असते, काही घाई असते आणि काही लोकलज्जा असते. तिघींना एकाच नावाने हाक मारण्याची सवय आपल्याला सोडावी लागेल.

मात्र दयेचाही स्वतःचा हक्क आहे आणि तो नाकारून चालणार नाही. मूल रडत असताना त्याचे सांधे ओढणे, मालीशवालीकडून जोराने पाय ताणून घेणे, शेजारच्या मुलाशी बरोबरी करीत त्याला उभे करणे, हा जुलूम आहे. स्नायूंच्या काही आजारांत अतिश्रमाने उलट हानी होते. म्हणून प्रथम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारावे, त्यांनी दाखविलेली हालचाल शिकून घ्यावी आणि ती खेळातून करावी. पैगंबर (स.) सजद्यात असताना त्यांचा नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबविला, अशी रिवायत आहे. मागे संपूर्ण जमात उभी असताना ते एका बालकाच्या गतीने थांबले. मंदगती मुलाच्या आईबापांना याहून मोठा आदर्श कोणता हवा? व्यायाम करावयाचा तो मुलाच्या गतीने, आपल्या अधीरतेच्या गतीने नव्हे.

सामर्थ्य कोणी ठरवायचे?

अल्लाह कोणावरही त्याच्या सामर्थ्याबाहेर भार टाकीत नाही, हे सूरह बकरहच्या अखेरच्या आयतीतील वचन संकटात आपला आधार असते. त्यातील 'वुस्अ' म्हणजे सामर्थ्य हा शब्द लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. सामर्थ्याबाहेरचा भार नाही, याचा दुसरा अर्थ असा की सामर्थ्याच्या आतील भार आहे. मग सामर्थ्य किती, हे कसे कळावे?

ह. इम्रान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना त्यांनी नमाजविषयी विचारले. पैगंबरांनी सांगितले, की उभे राहून अदा करा. ते जमले नाही तर बसून. तेही जमले नाही तर कुशीवर. या उत्तरातील क्रम महत्त्वाचा आहे. आरंभ सवलतीपासून होत नाही. वरच्या पायरीवर काय जमते ते पाहून मग खालची पायरी येते आणि प्रत्येक पायरीवरील नमाज तितकीच स्वीकार्य असते. सामर्थ्य हे प्रयत्नानेच कळते, बाहेरून नुसत्या अंदाजाने कळत नाही. मुलाच्या बाबतीत तर ते स्थिरही नसते. सरावाने आणि वयाने ते वाढते. पाच वर्षांच्या मुलाकडे पाहून 'याला जमणार नाही' असे जे म्हणतात, ते ठाऊक नसलेल्या गोष्टीविषयी निवाडा देत असतात.

येथे एक सावधगिरी हवी. नमाजला व्यायामाचा प्रकार ठरविण्याची चूक होऊ नये. ती इबादत आहे आणि तिचा उद्देश अल्लाहची प्रसन्नता आहे. परंतु मुलाला नमाज शिकविताना त्याची अनेक हालचालींशी ओळख होते, हे खरे आहे. नळाची तोटी फिरविणे, ओंजळीत पाणी धरणे, कोपरापर्यंत हात धुणे, जानमाज पसरणे आणि घडी घालणे, यांतील प्रत्येक क्रिया अशा मुलासाठी एकेक इयत्ता असते. सात वर्षांच्या वयात नमाजची सवय लावण्याची शिकवण आहे. ती या मुलांनाही लागू पडते, त्यांच्या-त्यांच्या पद्धतीने.

याहून गंभीर विषय तहारत आणि हयेचा आहे. ज्याची बुद्धी शाबूत आहे, ते मूल शरीराने कितीही अधू असले तरी बालिग होताच त्याच्यावर नमाज-रोजाची जबाबदारी त्याच्या कुवतीनुसार येते. त्याच वेळी त्याचा पडदाही सुरू होतो. सहा वर्षांच्या मुलाला अम्मी स्वच्छ करते, त्यात संकोच नसतो. सोळाव्या वर्षी काय? जे अखेरपर्यंत स्वतः करू शकत नाहीत त्यांच्यासाठी शरीअतमध्ये सोय आहे. परंतु ज्याला शिकविले असते तर जमले असते, त्याची लाज आपल्या आळसामुळे उघडी पडावी, ही साधी बाब नाही. भिंतीला एक धरकाठी बसविणे, कमोडची खुर्ची आणणे, नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा शिवणे आणि रोज थोडा सराव करून घेणे, यांतून एका माणसाची इज्जत राखली जाते.

जे मूल कधीच चालणार नाही

आता तिसरे वाक्य: शेवटी ते चालणार आहे का? काही मुले चालतील. काही काठीच्या, कॅलिपरच्या अथवा वॉकरच्या आधाराने चालतील. आणि काही कधीच चालणार नाहीत. शेवटच्या मुलांसाठी केलेले श्रम वाया गेले, असे समजावे काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की चालणे ही एकच हालचाल नव्हे. मान सावरता आली तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. कुशीवर वळता आले तर अंगाला जखमा होत नाहीत. बोटाने दाखविता आले तर तहान लागल्याचे सांगता येते. खाटेवरून खुर्चीवर सरकताना मुलाने थोडा भार स्वतः घेतला तर म्हातारपणी अम्मीची कंबर वाचते. दुसरे असे, की इस्लाममध्ये कर्माचे मूल्य नियतवर आहे आणि फळ अल्लाहच्या हाती आहे. माणसाच्या शरीरात ३६० सांधे असून रोज प्रत्येक सांध्याचा सदका देणे आहे, आणि एखाद्याला त्याच्या वाहनावर चढण्यास मदत करणे हाही सदका आहे, अशा आशयाच्या हदीस आपण ऐकल्या आहेत. जी अम्मी रोज सकाळी मुलाचा एकेक सांधा हळुवार हलविते, ती आपल्या सांध्यांचाही सदका फेडीत असते. मूल चालले नाही म्हणून तिच्या कर्मपत्रातील एकही नोंद कमी होणार नाही.

शक्तिमान मोमिन अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे सांगणारी हदीस वाचून काहींना वाटते, की अशक्त मूल मागेच राहणार. त्याच हदीसमध्ये दोघांतही भलाई असल्याचे सांगितले आहे. आणि जे लाभदायक आहे त्याची उत्कंठा बाळगा, अल्लाहची मदत मागा, हतबल होऊ नका, अशीही शिकवण आहे. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पायाच्या बारीक पोटऱ्या पाहून काही जण हसले, तेव्हा पैगंबरांनी सांगितले, की तराजूत या पोटऱ्या उहुद पर्वतापेक्षा जड भरतील. मुलाची किंमत त्याच्या चालण्यावर अवलंबून नाही. आपण त्याला चालविण्याचा प्रयत्न करतो तो त्याला मोलाचे बनविण्यासाठी नव्हे. ते आधीच मोलाचे आहे, म्हणून.

एका मातेचा आदर्श

आपल्याच महाराष्ट्रातील एका मातेचे उदाहरण येथे देणे उचित होईल. मुंबईच्या श्रीमती फातेमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या मुलीला मद्रासला घेऊन गेल्या आणि अनेक महिने तेथे राहून त्यांनी उपचार करून घेतले. मुलगी चालू लागली. येथेच थांबल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु आपल्यासारख्या इतर मातांनी कोठे जावे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने पुढे हाजी अली येथे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय चालविले. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले आणि १९७८ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही हाजी अली परिसरातच आहे. समुद्रातील दर्ग्यावर दुआ मागून परतणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते, की किनाऱ्यावरच मुलांच्या पायांत बळ भरण्याचे काम दशकानुदशके चालत आले आहे? दुआ आणि दवा यांत एवढेच अंतर असावे.

पोलिओपुरते सांगायचे तर १३ जानेवारी २०११ नंतर भारतात त्याचा एकही नैसर्गिक रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. कोट्यवधी मातापित्यांच्या तदबीरला अल्लाहने दिलेले हे फळ आहे.

घर, मस्जिद आणि जमात

शेवटी काही व्यावहारिक गोष्टी. चार महिन्यांत मान सावरली नाही, नऊ महिन्यांत आधाराविना बसता आले नाही, दीड वर्षात चालता आले नाही, तर 'उशिरा चालेल, याचे अब्बाही उशिराच चालले होते' असे म्हणून वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची मोफत तपासणी होते. तेथे आपले मूल लपवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तीत थेरपीच्या खर्चाचाही समावेश होतो. हे आपले हक्क आहेत आणि ते मागण्यात कोणताही कमीपणा नाही.

घरात हे काम एकट्या अम्मीचे नसावे. प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या जबाबदारीविषयी विचारले जाईल, या शिकवणीत अब्बा सर्वप्रथम येतात. अब्बांनी अर्धा तास व्यायामाचा घ्यावा, भावंडांनी खेळाचा घ्यावा, दादीने मुलाला स्वतःच्या हाताने खाऊ देण्याचा सब्र करावा. हाच तो खरा सब्र, ज्याची या घरांत सर्वाधिक गरज आहे.

जमातीचीही जबाबदारी आहे. गरजू आणि पात्र कुटुंबातील मुलाला व्हीलचेअर, कॅलिपर किंवा विशेष बूट जकातीच्या रकमेतून घेऊन त्याच्या मालकीचे करून देता येतात. पिता मालदार असेल तर अज्ञान मुलाला जकात चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. मस्जिदीचा उतार बांधायला मात्र जकात वापरता येत नाही. त्यासाठी लिल्लाह रक्कम द्यावी. व्हीलचेअरच्या चाकांमुळे फरश मळेल अशी शंका असल्यास चाके ओल्या फडक्याने पुसावीत, पण मुलाला दारातून परत पाठवू नये. मकतबमध्ये त्याच्यासाठी एक खुर्ची असावी. त्याच्या चालीची नक्कल करणाऱ्या मुलांना तेथेच थांबवावे. कोणी कोणाची टर उडवू नये, हा सूरह हुजुरातचा आदेश लहानांना शिकविण्याची ती योग्य जागा आहे.

कयामतच्या दिवशी आपल्याला हे विचारले जाणार नाही, की तुमचे मूल का चालले नाही. अमानत सोपविली होती, तिचे काय केले, हे मात्र विचारले जाईल. त्या प्रश्नाचे उत्तर रोजच्या अर्ध्या तासात, सांडलेल्या घासात आणि धीराने धरलेल्या बोटात तयार होत असते. अल्लाह आपल्या सर्व विशेष बालकांना बळ देवो, त्यांच्या मातापित्यांचे श्रम कबूल करो आणि आपल्या मस्जिदींची व घरांची दारे त्यांच्यासाठी रुंद करण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.